गाळातले शिंपले

सोनवेळ नावाच्या बंदरात धाकू मेस्त म्हणून एक कारागीर होता. तो खिडक्या करायचा. त्या काळी त्या किनाऱ्यावर काच पोहोचली नव्हती. पण खाडीपलीकडच्या उथळ पाण्यात तळहाताएवढे चपटे शिंपले मिळत. ते इतके पातळ असत की त्यांतून उजेड आरपार येई. धाकू ते शिंपले घासून स्वच्छ करायचा, कडा कापून चौकोनी करायचा आणि फणसाच्या लाकडाच्या चौकटीत एकेक करून सरकवून बसवायचा. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी त्याच्या खिडकीतून घरात दुधासारखा मऊ उजेड पडे. वारा मात्र आत येत नसे, आणि पाऊसही.

सोनवेळात ज्या घराला खिडकी होती ती धाकूच्या हातची होती. राणीच्या महालातल्या खिडक्याही त्याच्याच. आपल्या हाताविषयी त्याला कधी शंका आली नाही, आणि यावी असं काही घडलंही नव्हतं. "माझी खिडकी एकदा बसली की बसली," असं तो म्हणे. कुणाला ती बढाई वाटत नसे. पंचवीस पावसाळे झेललेल्या खिडक्या गावात होत्या आणि त्यांचा एक शिंपलाही हलला नव्हता.

त्याची मुलगी शेवंती गावातच हिरोजी तांडेलाच्या घरी दिली होती. हिरोजी बंदरातल्या सगळ्या होड्यांचा म्होरक्या. बोलायचा कमी. त्याने हात वर केला की होड्या निघत, खाली केला की थांबत. व्याही असूनही धाकूचं आणि त्याचं छान जमायचं. संध्याकाळी दोघं धक्क्यावर बसत. धाकू बोले आणि हिरोजी ऐके.

सोनवेळच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांचं एक लांबलचक खडप होतं. दिवसा त्याच्यावर फुटणाऱ्या लाटा दिसत, म्हणून होड्या त्याला वळसा घालत. अंधारून आलं की काही दिसत नसे. टेकडीवर मशाल लावायची रीत होती, पण वारा सुटला की आधी मशाल विझे, आणि नेमकी तेव्हाच तिची गरज असे. एका वर्षी मोसम संपता संपता दोन होड्या त्या खडपावर फुटल्या. माणसं गेली. गावाने सुतक पाळलं, आणि राणीने ठरवलं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. टेकडीवर दगडी बुरूज बांधायचा. माथ्यावर उंडीच्या तेलाचा मोठा दिवा ठेवायचा. दिव्याभोवती चारही बाजूंनी शिंपल्यांची तावदानं लावायची, म्हणजे वारा बाहेर राहील आणि उजेड समुद्रावर जाईल. पुढच्या नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात लोटायच्या आत हे सगळं तयार हवं.

काम धाकूकडे आलं. राणीने त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "मेस्त, घराची खिडकी गळली तर माणूस भिजतो. ही गळली तर माणूस बुडतो. एवढं ध्यानात ठेवा."

"निर्धास्त राहा, आईसाहेब," धाकू म्हणाला.

तो कामाला लागला. ओहोटीला कोळणी खाडीपलीकडे जात, कमरेइतक्या पाण्यात उतरत आणि टोपल्या भरभरून जिवंत शिंपले आणत. आतलं मांस कालवणाला जाई आणि शिंपले धाकूच्या अंगणात येत. पण बुरुजाच्या चारही बाजू म्हणजे थोडंथोडकं काम नव्हे. त्या वर्षी शिंपलेही कमीच निघाले. दोन बाजू पुऱ्या झाल्या, आणि टोपल्या रिकाम्या यायला लागल्या. तेवढ्यात आभाळ भरून आलं. खाडी फुगली, पाणी गढूळ झालं. आता पावसाळा सरेपर्यंत तिथे कुणी उतरणार नव्हतं.

अशा वेळी एक गोष्ट घडली. धक्क्याचा पाया वाढवण्यासाठी खाडीच्या काठी खोल चर खणत होते. खणता खणता काळा गाळ लागला, आणि त्या गाळात शिंपल्यांचे थर. तेच चपटे शिंपले, पण प्रत्येक थाळीएवढा. निरोप मिळताच धाकू धावत गेला. गाळाला कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. शिंपले निळसर काळे पडले होते. धाकूने त्यांतला एक उचलला, राखेने आणि काथ्याने घासला. काळा थर निघाला आणि खालून शुभ्र शिंपला चमकला. त्याने तो आभाळाकडे धरला. उजेड आरपार आला.

हिरोजी शेजारीच उभा होता. त्याने विचारलं, "हे मेलेत कधीचे?"

"आपल्या पणजोबांच्याही आधीचे असतील."

"मग चालतील?"

धाकू हसला. "व्याही, माणूस मेला की कुजतो. मासा मेला की कुजतो. शिंपला म्हणजे दगड. दगड कधी कुजला आहे का?"

हिरोजीला होड्यांतलं कळत होतं, शिंपल्यांतलं नव्हतं. 

धाकूची एक शिस्त होती. नवं लाकूड असो की नव्या जागेचा शिंपला, तो आधी एक अख्खा पावसाळा अंगणात टाकून ठेवायचा. त्याला ऊन लागू दे, पाऊस लागू दे, मग बघू, असं म्हणायचा. त्याच्या बापानेही तेच केलं होतं. या खेपेला तेवढी सवड नव्हती. आणि शिंपले तर इतके देखणे होते. धाकूने ती शिस्त बाजूला ठेवली आणि गाळातल्या शिंपल्यांनी उरलेल्या दोन बाजू भरून काढल्या.

आता इथे थोडं थांबून शिंपल्याचं सांगायला हवं. शिंपला नुसता दगड नसतो. आतला जीव तो हळूहळू बांधतो. चुन्याचा एक पापुद्रा, त्यावर स्वतःच्या अंगातल्या चिकट रसाचा एक लेप, त्यावर पुन्हा चुन्याचा पापुद्रा. भिंतीत विटा असतात आणि विटांना धरून ठेवणारा गारा असतो, तसंच हे. जीव जिवंत असतो तोवर कुठे ओरखडा गेला, कुठे टवका उडाला, तर तो आतून लिंपून घेतो. जीव गेला की लिंपणारं कुणी उरत नाही. मग रिकामा शिंपला समुद्राच्या तळाशी गाळात रुततो, आणि तिथे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्याच्यावर येतात. सुईच्या टोकावर हजारो मावतील इतके ते लहान. आधी ते उरलंसुरलं मांस संपवतात. मग पापुद्र्यांमधला तो लेप खायला लागतात. काही तर शिंपल्यातच केसाहून बारीक भोकं पाडत आत शिरतात. गाळाचा तो वास आणि शिंपल्याचा तो काळा रंग ही त्यांच्याच कामाची खूण. ते काही दुष्ट नसतात. मेलेल्याचं पुन्हा माती-पाणी करून टाकणं हे त्यांचं काम, आणि ते झालं नसतं तर समुद्राचा तळ केव्हाच भरून गेला असता. पण त्यांनी पोखरलेला शिंपला बाहेरून जसाच्या तसा दिसतो. आकार तोच, चकाकीही घासली की येते. आत मात्र विटा राहिलेल्या असतात आणि गारा गेलेला असतो.

हे त्या काळी सोनवेळात कुणालाच ठाऊक नव्हतं. धाकूलाही नव्हतं.

आषाढात बुरूज पुरा झाला. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा सगळं गाव पावसात भिजत बघायला जमलं. टेकडीवर जणू चंद्र येऊन बसला होता. राणी स्वतः आली. तिने धाकूच्या खांद्यावर शाल घातली आणि आजपासून हे दरबारचे मेस्त, असं जाहीर केलं. शेवंतीच्या सासरी त्या दिवशी गोडधोड झालं. धाकू चालायला लागला की लोक वाट देऊ लागले.

नारळी पौर्णिमा जवळ आली. चौकटींना तेल द्यायला म्हणून धाकू एकटाच बुरुजावर चढला. दक्षिणेकडच्या एका तावदानावरून त्याने सहज अंगठा फिरवला. अंगठ्याला पांढरी पूड लागली. त्याने पुसलं. पुन्हा पूड. नखाने कड जराशी उचकली तर कांद्याचं साल निघावं तसा शिंपल्याचा पापुद्रा सुटून हातात आला, आणि त्याखालचाही सैल होता. त्याने दुसरं तावदान पाहिलं. तिसरं पाहिलं. दिव्याची ऊब आतून आणि पावसाची ओल बाहेरून, दोन्हींच्या मध्ये गाळातले सगळे शिंपले उकलत चालले होते. मग तो पलीकडे गेला. जिवंत शिंपल्यांची तावदानं त्याने बोटांनी ठोकून पाहिली. ती खणखणीत होती.

धाकू खाली बसला. जोराचा एक वारा आला तर या दोन बाजू राहणार नाहीत, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. हेही दिसत होतं की अजून कुणाला यातलं काही माहीत नाही. सांगितलं तर शाल गेली, मान गेला. शिवाय होड्या थांबतील. दोन-अडीच महिने गावाने सुकी मासळी आणि पेज यांवर काढलेत, आता लोकांना धीर धरवत नाही. आणि नवे शिंपले आणायचे तरी कुठून? खाडी अजून गढूळच होती. त्याने मनाशी हिशेब केला. एवढा पावसाळा कसाबसा निघेल. पाऊस उघडला की गुपचूप एकेक तावदान बदलू. कुणाला कळणारही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तेलात राळ उकळून रोगण केलं आणि त्या दोन्ही बाजूंवर हात फिरवला. पूड बसली. सुटलेले पापुद्रे चिकटले. तावदानं आधीपेक्षाही चमकायला लागली. दिव्याचा राखणदार म्हणाला की मेस्त, तुमच्या हातात जादू आहे.

त्या रात्री धाकूला गाढ झोप लागली. हे मुद्दाम सांगायचं, कारण चूक झाकली की लगेच मन खायला लागतं असं नाही. आधी बरंच बरं वाटतं. पण पुढच्या दिवसांत शेवंतीच्या एक गोष्ट लक्षात आली. बाबा धक्क्यावर बसताना हल्ली टेकडीकडे पाठ करून बसतात.

नारळी पौर्णिमेला सकाळपासून किनाऱ्यावर ढोल वाजत होते. होड्या रंगवल्या होत्या, पुढच्या टोकाला नाळेवर फुलांच्या माळा चढल्या होत्या. बायका ठेवणीतली लुगडी नेसून ओवाळायला उभ्या होत्या. राणीची पालखीही आली होती. धाकूचा जावई कान्हू पहिल्या होडीत वल्हं धरून बसला होता.

दरवर्षी समुद्राला पहिला नारळ हिरोजी देई. त्या दिवशी त्याने सोनेरी कागद लावलेला नारळ धाकूच्या हातात ठेवला. एवढ्या लोकांसमोर तो कधी बोलत नसे, पण बोलला. "आजवर सूर्य कलला की आम्ही जाळी गुंडाळून परत फिरायचो. यंदा आम्ही अंधार पडेपर्यंत बाहेर थांबणार. वर व्याह्यांचा दिवा आहे. त्याच्या भरवशावर थांबणार. म्हणून पहिला नारळ त्यांच्या हातचा."

लोकांनी दर्याच्या नावाने जयजयकार केला. धाकू नारळ घेऊन पाण्यात गुडघाभर गेला. समोर कान्हूची होडी डुलत होती. कान्हूने त्याच्याकडे पाहून मान लववली. धाकूने नारळ सोडायला हात पुढे केले, आणि ते तिथेच राहिले. तो मागे वळला.

"तांडेल, होड्या लोटू नका," तो म्हणाला.

ढोल आधी जवळचे थांबले, मग लांबचे. धाकू पाण्यातून बाहेर आला आणि राणीच्या पालखीसमोर उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. गाळातले शिंपले न पारखता लावले हे सांगितलं, पूड सापडली हे सांगितलं, आणि राळ लावून ती झाकली हेही. आवाज चढवला नाही, रडला नाही. खिडकी कशी करायची हे जसं तो शिकाऊ पोरांना समजावून सांगे, तसं एकामागून एक सांगत गेला.

राणी पालखीतून उतरली. थेट टेकडी चढायला लागली. मागून सगळे गेले. बुरुजावर धाकूने दक्षिणेच्या तावदानावर अंगठा ठेवून दाबला. राळेसकट शिंपला फुटला आणि अंगठा पलीकडे गेला.

राणीने विचारलं, "राळ लावली तेव्हा हे ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं, आईसाहेब."

"मग तुम्हाला शिंपल्यांनी फसवलं, आणि आम्हाला तुम्ही."

"होय."

राणीने शाल परत मागितली. दरबारचे मेस्त हा मानही त्याच जागी काढून घेतला. धाकूने मान खाली घालून दोन्ही मान्य केलं. हिरोजी मात्र अजून त्या भोकाकडेच बघत होता. शेवटी तो एवढंच म्हणाला, "माझा पोरगा पहिल्या होडीत होता, मेस्त." आणि निघून गेला. आजवर त्याने धाकूला मेस्त म्हणून कधी हाक मारली नव्हती.

खाली किनाऱ्यावर गलका सुरू झाला होता. काहीजण म्हणत होते की मशालीवर इतकी वर्षं गेलोच की, आताही जाऊ. काही धाकूला शिव्या देत होते. घरात चूल पेटवायला हवी, आणि चूल समुद्रावर पेटते. कधीतरी जावंच लागणार होतं. धाकू गर्दीच्या मधोमध आला. लाज त्याला वाटत होती, पण ती घेऊन घरी बसण्याची ही वेळ नव्हती. आणि शिंपल्यांतलं त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही, हे आजही खरंच होतं.

"जिवंत शिंपले खाडीत नाहीत, पण गावात आहेत," तो म्हणाला. "तुमच्या घरांच्या खिडक्यांत आहेत. ते सगळे माझ्या हातचे आणि पारखून लावलेले. ते काढून बुरुजाला लावू. सुरुवात माझ्या घरापासून."

तो घरी गेला. ओसरीची मोठी खिडकी त्याने लग्नाच्या वर्षी केली होती. ती त्याने चौकटीसकट उचकटली. मग माजघराची. मग स्वयंपाकघराची. भिंतीला भोकं पडली आणि पाऊस सरळ आत यायला लागला. मग तो शेजारच्या दारात गेला. तिथेही त्याने आधी आपण काय केलं ते सांगितलं आणि मग खिडकी मागितली. पुढच्या दारातही तेच. किनाऱ्यावर एकदा सांगणं सोपं होतं, असं त्याला वाटायला लागलं. प्रत्येक उंबऱ्यावर ते नव्याने सांगावं लागत होतं. कुणी दार लोटून घेतलं, कुणी नुसतंच बघत राहिलं.

गावाच्या टोकाला आवडी नावाची म्हातारी राहायची. तिचा नवरा खडपावर फुटलेल्या त्या होड्यांत गेला होता. तिच्या झोपडीला एकच खिडकी. त्या खिडकीच्या उजेडात ती जाळी विणायची, आणि त्यावरच तिचं पोट होतं. धाकू तिच्या दारात उभा राहिला. तिलाही त्याने सगळं सांगितलं.

म्हातारीने ऐकून घेतलं. बराच वेळ ती जाळ्यातली गाठ सोडवत बसली. मग म्हणाली, "खिडकी काढ. पण वर मी पोचवणार. तुझ्या हाती देणार नाही."

धाकूने खिडकी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. म्हातारी पावसात टेकडी चढायला लागली. धाकू तिच्या मागून चालला. तिला तसं जाताना बघून लोक घरांतून बाहेर आले. ज्यांनी दार लावलं होतं त्यांनीही उघडलं. सूर्य मावळायच्या आत टेकडीच्या वाटेवर खिडक्यांची रांग लागली. कुणी डोक्यावर, कुणी पाठीवर, कुणी दोघं मिळून. सगळ्यात शेवटी राणीच्या महालातली मोठी खिडकी आली. ती आठ भोयांनी उचलली होती, आणि राणी पायी चालत होती.

धाकूने गाळातला एकूणएक शिंपला काढून टाकला. घरांच्या खिडक्यांतले शिंपले सोडवले आणि बुरुजाच्या चौकटीत बसवले. या खेपेला त्याने हिरोजीला निरोप धाडला. हिरोजी आला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. प्रत्येक शिंपला लावायच्या आधी धाकूने तो पाण्यात बुडवला, आचेवर धरला आणि हिरोजीच्या हातात दिला. "दाबून बघा," तो म्हणे. हिरोजी आपल्या जाड अंगठ्याने दाबून बघे आणि परत देई. असं करत दोन्ही बाजू पुऱ्या झाल्या. मग हिरोजीने किनाऱ्यावर जाऊन हात वर केला आणि होड्या निघाल्या.

भाद्रपदात वादळ आलं. दुपारपर्यंत स्वच्छ ऊन होतं. होड्या लांब गेल्या होत्या. अचानक पश्चिमेकडून काळंभोर आभाळ उठलं आणि संध्याकाळ होण्याआधीच अंधारलं. माड जमिनीला टेकायला लागले. धाकू वाऱ्यातून रांगत टेकडी चढला आणि दिव्याच्या खोलीत गेला. राखणदाराबरोबर त्याने वात मोठी केली. चारही बाजूंनी पाऊस दगड मारल्यासारखा आदळत होता. तावदानं थरथरत होती. धाकूला आतून समुद्र दिसत नव्हता. शिंपल्यातून उजेड जातो, नजर जात नाही. होड्या कुठे आहेत, खडपाला वळसा पडला की नाही, त्याला कळायला मार्ग नव्हता. तो एका तावदानापासून दुसऱ्याकडे जाई, हाताने चाचपून बघे. ओल आत येत नव्हती. ज्योत सरळ उभी होती. खालून मधूनच ओरडण्याचे आवाज येत, पण ते आनंदाचे की कसले, हे वाऱ्यात ओळखू येत नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. जिन्यावर पावलं वाजली. शेवंती वर आली. तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि तिला बोलण्याइतका दम राहिला नव्हता. तिने भिंतीला हात टेकला.

"आले, बाबा," ती म्हणाली. "सगळे आले."

पावसाळा सरला. खाडी निवळली आणि कोळणी पुन्हा पाण्यात उतरल्या. त्या हिवाळ्यात धाकूने दुसरं कुठलंही काम घेतलं नाही. आवडी म्हातारीच्या झोपडीपासून सुरुवात करून त्याने घरोघरी नव्या खिडक्या बसवल्या. तोवर निम्म्या सोनवेळच्या भिंतींना गोणपाटं लटकत होती आणि रात्री वारा घरात घुसला की लोक त्याचं नाव घेऊन बोटं मोडत. हिरोजीला त्याच्याशी पहिल्यासारखं बोलायला बरेच महिने लागले. शाल त्याला परत मिळाली नाही. दरबारचा मेस्त म्हणून राणीने पुन्हा कुणालाच नेमलं नाही.

काही वर्षांनी शेजारच्या बंदराचा कारभारी सोनवेळला आला. त्यांनाही असाच दिवा बांधायचा होता. तावदानांसाठी माणूस सुचवा, असं त्याने राणीला विनवलं. राणीने धाकू मेस्ताचं नाव सांगितलं.

कारभारी चाचरला. म्हणाला, "आईसाहेब, तावदानं फुटली होती ती याच मेस्ताची ना?"

"याचीच," राणी म्हणाली. "आणि ती कच्ची आहेत हे आम्हाला वादळाने सांगायच्या आधी त्याने सांगितलं. न्या त्यालाच."

तात्पर्य: बाहेरचा आकार शाबूत आहे एवढ्यावरून आतलं बळ शाबूत आहे असं समजू नये, मग तो शिंपला असो की माणसाचं नाव, आणि आतून पोखरलेलं हाती लागलं तर वरून राळ फासू नये, वादळ यायच्या आत ते आपल्याच हाताने काढून टाकावं.